मॉरिस मायनरचं पुढचं सस्पेन्शन: नट-बोल्ट पक्के करण्याच्या नोंदी

गाडी 1954 ची मॉरिस मायनर, सीरीज टू, 803 सीसी. मुक्काम रत्नागिरी, समुद्राच्या इतकी जवळ की अंगणातली लोखंडी खाट दर दोन वर्षांनी रंगवावी लागते. इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम आधी उरकलंय. इथे फक्त पुढच्या सस्पेन्शनची जोडणी, आणि त्यातही कुठला बोल्ट कशाने अडवला एवढंच लिहितोय. अँबॅसिडरवाल्यांनाही यातलं बरंच कामाला येईल. अँबॅसिडरचा मूळपुरुष मॉरिस ऑक्सफर्ड, आणि पुढच्या टॉर्शन बारच्या (स्प्रिंगऐवजी पीळ सोसणारा पोलादी दांडा) बाबतीत मायनर त्याच घराण्यातली धाकटी.

16 नोव्हेंबर 2024

दोन्ही बाजू उघडून झाल्या. टॉर्शन बारवर ताण असतो, म्हणून खालच्या आर्मखाली (चाकाला धरणारा आडवा दांडा) जॅक देऊन मगच ट्रनियन (आर्मला किंगपिनेशी जोडणारा आट्यांचा तुकडा) मोकळा केला. बार डावा-उजवा वेगळा असतो. दोन्हींना आधीच चिठ्ठ्या बांधल्या आणि जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवले. या बारवर पान्याचा एक ओरखडासुद्धा नको, पुढे तडा तिथूनच जातो.

निघालेल्या बोल्टांचा ट्रे बघून मागच्या पन्नास वर्षांचा इतिहास कळला. उजवीकडच्या आयबोल्टच्या (खालच्या आर्मचं आतलं टोक धरणारा, डोळ्यासारख्या भोकाचा बोल्ट) पिनेत काटर पिनेऐवजी (भोकातून घालून टोकं वाकवायची दुहेरी तार) वाकवलेला खिळा. डावीकडे खालच्या ट्रनियनच्या कॅसल नटला (पिनेसाठी वर खाचा असलेला नट) काटर पिन होती, पण नट हाताने फिरत होता. भोक जुळेना म्हणून कुणीतरी नट मागे फिरवून पिन घातलेली. वरच्या डॅम्परच्या (धक्के शमवणारा भाग) चार बोल्टांखाली लॉकपट्टी (कान वाकवून बोल्ट अडवणारी पत्र्याची पट्टी) हवी होती. तिथे स्प्रिंग वॉशर, तेही दाबून सपाट झालेले.

खालच्या उजव्या ट्रनियनचे आटे बोटाला जवळजवळ लागतच नाहीत. मायनरची ही प्रसिद्ध जागा. ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात, आणि एक दिवस किंगपिन (चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) ट्रनियनमधून सुटून चाक मडगार्डखाली आडवं पडतं. बहुतेकदा हे गाडी हळू वळवताना होतं, हीच त्यातली मेहेरबानी. दोन्ही किंगपिना आणि चारही ट्रनियन इंग्लंडहून मागवले. किमतीपेक्षा कुरिअर आणि कस्टम्सनेच जास्त घाम काढला. सगळं धरून ₹38,000 च्या पुढे गेलं.

24 नोव्हेंबर

ट्रेमधला एकेक बोल्ट रॉकेलात धुऊन आट्यांच्या गेजने तपासला. गेज ₹250 ला मिळतो. तो नसेल तर हे काम सुरूच करू नये.

मूळ बोल्ट यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे: 5/16 आणि 3/8 ला इंचात 24 आटे, 7/16 आणि 1/2 ला 20. त्यांच्यात मिलिमीटरवाले बरेच घुसलेत. सगळ्यात फसवा 5/16 च्या जागी घातलेला एम-8 (8 मिमी) बारीक आट्यांचा. 5/16 म्हणजे 7.94 मिमी, आट्यांचं अंतर 1.058 मिमी; एम-8 चं अंतर 1 मिमी. नट पहिले काही आटे सुरळीत जातो, मग जड होतो आणि पाना धरणाऱ्याला वाटतं, मस्त टाइट झाला. प्रत्यक्षात आटे एकमेकांना कुरतडत असतात, दोन पत्रे एकमेकांवर दाबले गेलेलेच नसतात. अशा जागी टॉर्क रेंचही (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) खोटं बोलतो.

डोक्यावरच्या खुणा: तीन रेघा म्हणजे ग्रेड 5, सहा रेघा म्हणजे ग्रेड 8. आपल्या मिलिमीटरवाल्या बोल्टांच्या 8.8 आणि 10.9 या ताकदीच्या आकड्यांच्या साधारण जोडीचे. डोकं कोरं असेल तो बोल्ट सस्पेन्शनला नाही, मग कितीही नवा दिसो. रत्नागिरीत यूएनएफ मिळेना. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला भाच्याला पाठवलं, त्याने ग्रेड 5 चा अख्खा संच आणला. काही बोल्ट लांब होते, पण आटे कापून नव्हे, आटे नसलेला भाग नीट मोजून निवडले. कातरण्याचा भार त्या गुळगुळीत भागावर यावा, आट्यांवर नको.

8 डिसेंबर

मिरकरवाड्यात ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे ट्रनियनच्या पिना दाखवायला गेलो. इथे सगळ्यांचा एकच सल्ला असतो: स्टेनलेस घाला, गंजाची कटकट संपली. चाचांनी उलट विचारलं, "होडीत स्टीलचा बोल्ट कुठे घालतो मी, बघितलंस? कठड्याला. इंजिनाच्या पायाला घालतो का?"

हिशोब सरळ आहे. बाजारात मिळणारा नेहमीचा ए2-70 स्टेनलेस बोल्ट 450 न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास कायमचा ताणला जायला लागतो, 8.8 चा 640 ला. म्हणजे त्याच जाडीचा बोल्ट तेवढा आवळताच येत नाही. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे मधेच धरतात, मग करवतीशिवाय सुटका नाही. सस्पेन्शनला स्टेनलेस बोल्ट नाही, विषय संपला.

स्टेनलेस काटर पिना मात्र त्यांनीच डब्यातून काढून दिल्या. पिनेवर आवळण्याचा ताण नसतो, तिचं काम फक्त नटाला वळू न देण्याचं. साधी पिन इथे दोन पावसाळ्यांत बारीक होते आणि काढताना भोकातच तुटते. एकच पथ्य: पिन भोकात नीट बसेल इतकी जाड हवी. भोकात खुळखुळणारी पिन चालत राहिली की स्वतःच कापली जाते.

21 डिसेंबर

जुने चांगले बोल्ट झिंक प्लेटिंगला द्यावेत असं आधी ठरवलं होतं. कोल्हापूरला एका प्लेटिंगवाल्याकडे आंबा घाटातून एसटी पार्सलने पाठवले. परत आले ते चांदीसारखे, पण नट जाईना. आट्यांवर थर जाड चढलेला. डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवली तर थर निघून जातो, म्हणजे पैसे पाण्यात. ₹1,400 गेले, वर पंधरवडा वाया.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथे आम्लात बुडवून मग प्लेटिंग करतात, आणि त्यात जास्त कडक पोलादात हायड्रोजन शिरतो. 10.9 किंवा ग्रेड 8 आणि त्यावरचा बोल्ट नंतर लगेच काही तास 200 अंशांच्या आसपास भाजून काढला नाही, तर आवळल्यावर दिवसा-दोन दिवसांनी, काहीही कारण नसल्यासारखा तुटतो. भाजलं का, असं विचारलं तर समोरून हसू आलं. ते सगळे बोल्ट आता बागेच्या फाटकाला आणि मांडवाला. सस्पेन्शनला फक्त नवे.

5 जानेवारी 2025

खालचे आर्म, टाय रॉड (आर्मला पुढून धरणारा दांडा) आणि आडव्या पट्ट्या पावडर कोटिंग होऊन आल्या. दिसायला देखण्या, आणि तिथेच घोळ. बोल्टच्या डोक्याखाली, वॉशरखाली, आर्मचे दोन भाग एकमेकांना चिकटतात तिथे, सगळीकडे प्लास्टिकचा थर.

50 मिमी जाडीचा जोड धरणारा बोल्ट नीट आवळला की जेमतेम 0.1 मिमी लांबतो. ही लांबीच त्याची पकड. पावडर कोटिंगचा एकेक थर 0.06 ते 0.1 मिमी. तो दबला, उन्हाने मऊ झाला, की बोल्टाची सगळी लांबी परत आखडते. नट जागचा हललेला नसतो, काटर पिन शाबूत असते, आणि जोड मोकळा. काटर पिन नट पडू देत नाही, पण गेलेली पकड परत आणत नाही.

म्हणून वॉशरच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर चिकटवून प्रत्येक भोकाभोवतीचा थर गोल घासून काढला. भोकाच्या आतलाही. उघड्या लोखंडावर झिंक प्रायमरचा अगदी पातळ हात, बाकी गंजाचं नंतर मेणाने बघू. कोटिंगवाल्याला आधीच सांगून भोकांभोवती टेप लावून घेतली असती तर हे दोन दिवस वाचले असते. त्याच्याकडे उष्णतेला टिकणारी टेप असते, फक्त मागावी लागते.

19 जानेवारी

डावी बाजू उभी राहिली. ट्रनियन आणि किंगपिनेचे आटे दोन बाजूंना उलटसुलट आहेत. डाव्याचा उजव्यात जबरदस्तीने घालू नये. ट्रनियन पूर्ण वर फिरवायचा आणि साधारण एक फेरा मागे, म्हणजे चाक दोन्हीकडे पूर्ण वळेल आणि कुठे टेकणार नाही. टेकलं तर पहिल्याच वळणावर आट्यांवर घाव.

दिवसाचा मोठा भाग गेला तो एका कॅसल नटात. तक्त्याप्रमाणे आवळला, भोक दोन खाचांच्या मधोमध. कॅसल नटला सहा खाचा, म्हणजे पुढची खाच 60 अंशांवर. पुढे ढकलावं तर बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जातोय, मागे घ्यावं तर सोळा नोव्हेंबरच्या ट्रेमधलीच गोष्ट. मागे कधीच घ्यायचा नाही.

उपाय वॉशरचा. 20 आट्यांच्या बोल्टला एक फेरा म्हणजे 1.27 मिमी. म्हणजे 60 अंश म्हणजे 0.21 मिमी आणि अर्धी खाच म्हणजे 0.1. काचेवर 320 चा पॉलिश पेपर, थोडं डिझेल, आणि वॉशर आठच्या आकड्यात घासत राहायचं. मायक्रोमीटरवर 0.1 मिमी कमी झालं की थांबायचं. आता तोच नट त्याच टॉर्कला भोकासमोर येतो. फार कंटाळवाणं काम आहे, पण त्यानंतर पिन बोटाने आत जाते आणि ते बरं वाटतं. दोन-तीन वेगवेगळ्या जाडीचे कडक वॉशर हाताशी असतील तर घासायची वेळ कमी येते.

पिनेचं एक टोक बोल्टाच्या आट्यांकडच्या शेंड्यावरून मागे, दुसरं खाली कापून नटाच्या बाजूला चिकटवून. पक्कडीने एकदाच वाकवायचं. वाकवून सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन फेकून द्यायची, दोन रुपयांची वस्तू आहे.

2 फेब्रुवारी

डॅम्परच्या लॉकपट्ट्या. इंग्लंडच्या पार्सलात त्या राहिल्या होत्या आणि दोन पट्ट्यांसाठी पुन्हा कस्टम्स नको वाटलं. मिरजोळे एमआयडीसीतून 0.8 मिमीचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा आणून घरी कापल्या. एक पट्टी दोन बोल्टांना, आवळल्यावर कान उचलून डोक्याच्या सपाट बाजूला टेकवायचा.

पहिल्या खेपेचे कान वाकवताक्षणी घडीवर केसाएवढी भेग. पत्रा कारखान्यात ज्या दिशेने लाटलेला असतो त्या दिशेला समांतर घडी पडली होती. पत्र्यावर बारीक रेघा दिसतात, घडी त्यांना आडवी यायला हवी. दुसऱ्या खेपेला पट्ट्या तशा आखून कापल्या, भेग नाही. एकाने गॅल्व्हनाइझ पत्रा सुचवला होता. छपराचा पत्रा पातळ आणि कडक, कान उभाच राहत नाही. स्टेनलेसही नको, वाकवता वाकवता कडक होतं.

कान टेकवताना बघायचं ते एवढंच: तो डोक्याच्या पूर्ण सपाट बाजूला बसला पाहिजे, कोपऱ्याला नाही. कोपऱ्याला टेकलेला कान बोल्टाला थोडा फिरू देतो, आणि आखूड बोल्टाला तेवढं पुरतं.

स्टीअरिंग आर्मचे बोल्टही याच पद्धतीने. ब्रेक प्लेटच्या बोल्टांना लॉकटाइट 243 (आटे चिकटवून धरणारं द्रव), निळं, ₹400 च्या आसपास. हे हवा नसताना आणि धातूला लागूनच घट्ट होतं. म्हणून तर बाटली अर्धी रिकामी विकतात. बोल्टावर तेल किंवा ग्रीस जाड असेल तर ते भरवशाचं नाही. दोन्हीकडचे आटे अ‍ॅसिटोनने पुसून, वाळवून मगच, आणि चोवीस तास गाडीला हात नाही. लाल 271 घालू नये. उघडायला 250 अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि शेजारीच ब्रेकचं रबर आहे. नायलॉक नटही (आत नायलॉनचं कडं असलेले) ब्रेकजवळ टाळले, नायलॉनला उष्णता सोसत नाही.

स्प्रिंग वॉशर कुठेही घातलेला नाही. याला गल्लीत विरोध झाला. जोड आडवा थरथरला की स्प्रिंग वॉशर असूनही नट सुटतो, हे युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1969 मध्येच यंत्रावर दाखवून दिलंय. माझ्या ट्रेमधल्या चपट्या झालेल्या वॉशरांनीही तेच सांगितलं.

9 मार्च

येत्या गुरुवारी होळी. शिमग्यात मदतनीस मिळत नाही, म्हणून त्याआधी शेवटचं आवळणं उरकलं.

आयबोल्टचे आणि वरच्या ट्रनियनचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) रबराचे आहेत. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर), चाकं लोंबकळत असताना हे आवळले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं, वर्षभरात फाटतं, आणि गाडी एका बाजूला उंच का दिसते याचा शोध टॉर्शन बारमध्ये चालू होतो. म्हणून आतापर्यंत हे नट फक्त हाताने लावलेले होते. आज चारही चाकांखाली सागाच्या जाड फळ्या देऊन गाडी उचलली, पुढे दोन माणसं बसवली, ती मागेपुढे ढकलून बसू दिली आणि मग खाली शिरून आवळलं.

फळ्यांच्या जागी चिरे ठेवावेत असं इथे सगळ्यांना वाटतं, आवारात ढीग पडलेला असतो. जांभ्याचा चिरा भिंतीत उत्तम. जॅकच्या टोकाखाली किंवा घोडीखाली तो कोपऱ्यातून फुटतो आणि फुटण्यापूर्वी आवाज करत नाही. गाडीखाली डोकं घालणार असाल तर चिरा नाही.

टॉर्क: मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच. नसेल तिथे ग्रेड 5 चा नेहमीचा तक्ता वापरला, कोरड्या आट्यांना 3/8 यूएनएफला 35 फूट-पौंड, 7/16 ला 55. न्यूटन मीटरमध्ये साधारण 47 आणि 75. आट्यांना ग्रीस लावलं तर तोच आकडा जास्त ताण देतो, म्हणून तिथे पाव हिस्सा कमी. खाऱ्या हवेत मी आट्यांना ग्रीस लावतोच, त्यामुळे माझे आकडे सगळे कमी केलेले आहेत. हे न वाचता माझ्या वहीतून उचलू नका. टॉर्क रेंच ₹3,600.

आवळून झालेल्या प्रत्येक नटावरून जोडावर पिवळ्या ऑइल पेंटची एक रेघ. होडीच्या नावाच्या रंगातलं उरलेलं होतं.

6 एप्रिल

रामनवमी, रस्ते मोकळे. भाट्ये पुलावरून पावसकडे जाऊन परत. स्टीअरिंग हलकं, खडखड नाही. घरी येऊन खाली बघितलं: पिवळ्या रेघा सगळ्या सरळ. तरीही रेंच लावला. टाय रॉडच्या पुढच्या टोकाला रबरी पॅड आहेत, तिथला नट जवळजवळ अर्धा फेरा आत गेला. रेघ सरळ असली तरी रबर दबलंय. म्हणजे रेघ नट फिरलाय का एवढंच सांगते; जोड ढिला झालाय का ते रेंचच सांगणार. पॅडचे वॉशर पुन्हा जुळवले, नवी काटर पिन.

खालच्या आर्मच्या दोन भागांना धरणाऱ्या बोल्टांपैकी एक उजवीकडे थोडा गेला. तिथे आतल्या बाजूला कोटिंगचा एक चंद्रकोरीएवढा तुकडा राहिलेला दिसला. काढला, पुन्हा आवळलं.

ट्रनियनना ग्रीस देताना चाक जमिनीवरून उचलून द्यायचं. वजन असलं की आट्यांची एक बाजू दाबून बंद असते आणि ग्रीस दुसऱ्याच बाजूने निघून जातं. जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत.

26 मे

यंदा पाऊस मे संपायच्या आधीच आला, मेणाचं काम अर्धवट असताना. ओल्यावर मेण घातलं की पाणी आत कोंडतं, म्हणून हॅलोजन दिवा लावून एकेक जोड वाळवला. उघडे आटे, काटर पिनांची टोकं आणि घासून काढलेल्या जागा मेणाने बुजवल्या. रबरांवर मेण नाही, ग्रीस नाही. आतापर्यंत बोल्ट, वॉशर, पिना, पत्रा, लॉकटाइट, मेण मिळून ₹6,200. प्लेटिंगचे पैसे त्यात धरलेले नाहीत.

डाव्या डॅम्परच्या दांड्याजवळून तेल झिरपायला लागलंय. तो काढायचा म्हणजे चारही बोल्ट सोडावे लागणार, आणि एकदा वाकवलेले कान पुन्हा वापरायचे नाहीत. पत्र्याचा तुकडा शिल्लक आहे, त्यातून आणखी चार पट्ट्या आखून ठेवल्यात, रेघा आडव्या.